घंटा दारावर, अधिकार कोणाच्या फोनवर?

*व्हिडिओ डोअरबेल बसवायला अर्धा तास पुरतो. तिचा वापर घरातल्या माणसांनी आपसांत कसा वाटून घ्यायचा, हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. बेळगाव-निपाणी सीमाभागातील घरे आणि गोव्यात राहणारी त्या घरांतील मुले यांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे.*

चोर्ला घाटाच्या अलीकडे नोकरी आणि पलीकडे घर, अशी मांडणी असलेली कुटुंबे गोव्यात कमी नाहीत. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून येऊन पणजी, पर्वरी, म्हापसा, फोंडा येथे स्थिरावलेल्या अनेकांचे आईवडील अजून गावच्या घरातच राहतात. कोणाचे घर बेळगावात टिळकवाडीत किंवा अनगोळला असते, कोणाचे शहापूर-वडगावच्या विणकरवस्तीत, तर कोणाचे निपाणीच्या तंबाखू वखारींच्या आसपास. आईवडील थकले, शेजारची घरे कुलूपबंद होऊ लागली आणि बंद घरे फोडल्याच्या बातम्या वारंवार वाचनात येऊ लागल्या, की मुलाला काळजी वाटू लागते. मग तो कॅमेरा असलेली घंटा ऑनलाइन मागवतो, एखाद्या रविवारी गावी जाऊन ती चौकटीवर बसवतो, स्वतःच्या फोनवर ॲप सुरू करतो आणि सोमवारी पहाटे पुन्हा घाट उतरतो.

त्या दिवसापासून एक चमत्कारिक स्थिती निर्माण होते. दारात उभा असलेला माणूस पणजीत दिसतो. पण दाराच्या आत बसलेल्या आईला तो दिसत नाही. तिला पूर्वीसारखी केवळ घंटा ऐकू येते. घरात राहणाऱ्याकडे कोणताही अधिकार नाही आणि घराबाहेर राहणाऱ्याकडे सगळे अधिकार, अशी ही व्यवस्था कोणी जाणूनबुजून केलेली नसते. खाते ज्याच्या नावाने उघडले गेले, त्याच्याकडे ती आपोआप गेलेली असते.

घंटेच्या आत काय घडते?

दारावर कॅमेरा बसवण्याची कल्पना पन्नास वर्षांहून जुनी आहे. न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेने आपले पती अल्बर्ट यांच्यासह १९६६ मध्ये अशा यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्यांना मिळाले. दोघांच्या कामाच्या वेळा अनियमित असत आणि वस्तीत पोलिसांची मदत वेळेवर पोहोचत नसे. दाराला वेगवेगळ्या उंचीवर पाडलेल्या छिद्रांमधून सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत दूरचित्रवाणीचा पडदा, बोलण्याची सोय आणि दूरवरून कडी उघडण्याची व्यवस्था असे तिचे स्वरूप होते. या रचनेत पाहणारी व्यक्ती घराच्या आतच होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

आजच्या घंटेने तो पडदा घराबाहेर नेला. कोणी बटण दाबले किंवा दारासमोर हालचाल झाली, की कॅमेरा चित्रण सुरू करतो. ते चित्रण घरातील वाय-फायमार्फत कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तेथून संबंधित खात्याशी जोडलेल्या फोनवर सूचना येते. काही घंटांमध्ये चित्रण साठवण्यासाठी मेमरी कार्डाचीही सोय असते. इंटरनेट बंद पडले, तर दूरच्या फोनवर काही पोहोचत नाही. हेस्कॉमची वीज गेली आणि राउटर बंद झाला, तर बॅटरीवर चालणारी घंटाही फोनच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते. पावसाळ्यात वीज वरचेवर खंडित होणाऱ्या भागात राउटर इन्व्हर्टरवर असणे म्हणूनच आवश्यक आहे.

या साऱ्या साखळीत ‘खाते’ हा कळीचा दुवा आहे. घंटा घराला ओळखत नाही, ती खात्याला ओळखते. जो त्या खात्यात शिरू शकतो, तो तिच्या लेखी घरचा माणूस.

मालक आणि सदस्य

घरातील इतरांना घंटेचा वापर करू देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग सोपा म्हणून सर्रास वापरला जातो. मालक आपला ई-मेल किंवा फोन क्रमांक आणि पासवर्ड भावाला, वहिनीला, कधी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूलाही सांगून टाकतो आणि सगळे एकाच खात्यातून आत येतात. दुसरा मार्ग निमंत्रणाचा. मालक ॲपमधील ‘शेअर’ किंवा ‘सदस्य जोडा’ अशा पर्यायातून दुसऱ्या व्यक्तीच्या ई-मेलवर किंवा फोन क्रमांकावर निमंत्रण पाठवतो. ती व्यक्ती स्वतःच्या फोनवर तेच ॲप घेते, स्वतःचे खाते उघडते आणि निमंत्रण स्वीकारते.

वरवर पाहता दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो; प्रत्यक्षात त्यांत मोठे अंतर आहे. निमंत्रित सदस्याला साधारणपणे दारासमोरचे थेट दृश्य पाहता येते, आलेल्या माणसाशी बोलता येते आणि बऱ्याच ॲपमध्ये जुने चित्रणही पाहता येते. घंटा खात्यातून काढून टाकणे, वाय-फाय बदलणे, वर्गणीचे व्यवहार करणे, नवे सदस्य जोडणे हे अधिकार मालकाकडेच राहतात. कंपनीगणिक तपशील बदलतात. काही ॲप पाहण्याचा आणि बदल करण्याचा अधिकार वेगळा देतात, काही देत नाहीत. पासवर्ड मिळालेल्या व्यक्तीला मात्र हे सगळेच करता येते. तिने काय केले, हे मागाहून ओळखता येणेही कठीण होते, कारण ॲपच्या लेखी ती व्यक्ती म्हणजे प्रत्यक्ष मालकच असतो.

याहून मोठा फरक अधिकार परत घेताना जाणवतो. निमंत्रित सदस्याचे नाव यादीतून काढले, की त्याच्यापुरता प्रवेश बंद होतो आणि इतरांना त्याचा त्रास होत नाही. पासवर्ड वाटलेला असेल, तर तो बदलून सगळ्यांना नव्याने सांगावा लागतो. तेवढ्यानेही नेहमी भागतेच असे नाही. अमेरिकेतील रिंग कंपनीच्या घंटेबाबत २०१८ मध्ये मायामीतील एक प्रकरण उजेडात आले. नाते तुटल्यानंतर घंटेच्या मालकाने पासवर्ड बदलला. तरीही पूर्वीच्या जोडीदाराला ॲपमधून दारासमोरचे दृश्य दिसत राहिले. आधीपासून आत असलेल्या फोनला बाहेर काढण्याची त्या यंत्रणेतील व्यवस्था कच्ची होती. पासवर्ड बदलल्यानंतर ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘सर्व उपकरणांतून बाहेर पडा’ हा पर्यायही वापरावा, हा त्यातून घ्यायचा धडा.

पासवर्ड किती हातांतून जातो?

याच कंपनीच्या कॅमेऱ्यांबाबत डिसेंबर २०१९ मध्ये आणखी एक घटना गाजली. मिसिसिपी राज्यातील एका घरात लहान मुलीच्या खोलीतील कॅमेऱ्यातून अनोळखी माणूस तिच्याशी बोलू लागला. अन्यत्र फुटलेले पासवर्ड वेगवेगळ्या खात्यांवर वापरून पाहण्याचे तंत्र अशा शिरकावांमागे होते. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीने द्विस्तरीय पडताळणी सर्वांना सक्तीची केली. पासवर्ड टाकल्यावर फोनवर येणारा संकेतांकही द्यावा लागतो, ती ही पद्धत.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये या कंपनीवर आरोपपत्र ठेवले. ग्राहकांच्या खासगी चित्रणापर्यंत कंपनीचे कर्मचारी आणि कंत्राटदार विनाकारण पोहोचू शकत होते, असा त्यातील मुख्य आरोप होता. कंपनीने ५८ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. आपण घरात अधिकार वाटून घेतो तेव्हा त्या वाटणीत न दिसणारा आणखी एक वाटेकरी, म्हणजे स्वतः कंपनी, असतोच, याची ही आठवण.

एक पासवर्ड पाच जणांत फिरू लागला, की द्विस्तरीय पडताळणीचा उपयोगही कमी होतो. संकेतांक मालकाच्या फोनवर येतो आणि घरातला माणूस तो फोन करून विचारतो. संकेतांक कोणालाही सांगू नये, असे बँका वर्षानुवर्षे बजावत असताना घरातच ओटीपी सांगण्याची सवय लागणे हिताचे नाही. उद्या ‘डोअरबेल कंपनीतून बोलतो’ असे म्हणणाऱ्यालाही तो तितक्याच सहजपणे सांगितला जाईल.

कट्ट्यावरचे बोलणे कोणाचे?

सीमाभागातील घराचे दार शहरी सदनिकेच्या दारासारखे नसते. त्याच्या बाहेर कट्टा असतो, पायऱ्या असतात, पुढे गल्ली असते. दुपारी तेथे बायका धान्य निवडत बसतात, संध्याकाळी म्हातारी माणसे टेकतात. निपाणी परिसरात घराच्या उंबऱ्याशी, ओसरीवर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रिया हे पिढ्यान्‌पिढ्यांचे दृश्य आहे. मराठीत सुरू झालेले बोलणे कानडीत जाऊन पुन्हा मराठीत येते. माहेरची आठवण, सासूची तक्रार, मुलीच्या स्थळाची चर्चा, मजुरीचा हिशेब, सारे काही तेथे निघते.

चौकटीवरचा कॅमेरा नेमका त्याच दिशेला रोखलेला असतो आणि त्यात मायक्रोफोनही असतो. म्हणजे घंटा न वाजवणाऱ्यांचेही बोलणे नोंदले जाऊ शकते. ब्रिटनमधील ऑक्सफर्डच्या न्यायालयात ऑक्टोबर २०२१ मध्ये शेजाऱ्याच्या अशाच उपकरणांविरुद्ध निकाल लागला, तेव्हा चित्रणापेक्षा ध्वनिमुद्रण अधिक आक्षेपार्ह ठरले होते. लांबवरचे बोलणेही त्यात टिपले जाते आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, हे त्यामागचे कारण.

घरातल्या घरात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. सून कधी बाहेर पडली, कोणाबरोबर परतली, मुलगी क्लासहून किती वाजता आली, सासऱ्यांना भेटायला कोण आले, याची वेळेसह नोंद आता तयार होते. ज्याच्या फोनवर सूचना येतात, त्याला ती न मागता मिळते. दूरवरच्या मुलाने आईला फोन करून ‘आत्ता कोण येऊन गेले?’ असे विचारणे काळजीपोटी असू शकते. तोच प्रश्न दिवसातून चारदा आला, तर तो पहारा वाटू लागतो. घरातील स्त्रीला स्वतःच्या फोनवर तेच चित्रण पाहता येत असेल, तर घंटा तिच्या सोयीची ठरते. तसे नसेल, तर तीच घंटा तिच्यावर नजर ठेवणारी होते. उपकरण दोन्ही घरांत एकच असते. फरक पडतो तो सदस्यांच्या यादीमुळे.

बेळगावात शिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी असल्याने खाली घरमालक आणि वर भाडेकरू अशी घरेही अनेक आहेत. जिना एकच, दार एकच आणि घंटा मालकाची. भाडेकरूकडे येणारा प्रत्येक पाहुणा मालकाच्या फोनवर उमटतो. अशा ठिकाणी वरच्या मजल्यासाठी वेगळी साधी घंटा ठेवणे आणि कॅमेऱ्याचा रोख फाटकापुरता मर्यादित करणे हा वाद टाळण्याचा सरळ उपाय आहे.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. या तत्त्वाचा घरातील कॅमेऱ्यांशी थेट संबंध जोडणारे एक प्रकरण कोलकात्यातील आहे. वडिलोपार्जित घरात एकत्र राहणाऱ्या दोन भावांपैकी एकाने दुसऱ्याच्या संमतीवाचून निवासी भागात सीसीटीव्ही बसवले. सहनिवाशाच्या संमतीविना असे कॅमेरे चालवणे हा त्याच्या खासगीपणाच्या अधिकाराचा भंग आहे, असा निर्णय कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ च्या प्रारंभी दिला आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. वाटण्या न झालेल्या वाड्यांत भाऊभाऊ राहतात, अशा बेळगाव-निपाणीकडील कुटुंबांनी हा निर्णय ध्यानात ठेवावा. सामाईक दाराला घंटा बसवण्याआधी सर्वांना विचारणे ही आता केवळ रीतीची गोष्ट राहिलेली नाही.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम प्रामुख्याने कंपन्यांना आणि संस्थांना उद्देशून आहेत. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो कायदा लागू होत नाही. याचा अर्थ घरमालकाला मोकळे रान मिळाले असा नव्हे. संमतीविना एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रण करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली दंडनीय आहे. कॅमेऱ्यात समोरच्या घराची खिडकी किंवा न्हाणीघराची वाट येत असेल, तर ॲपमधील ‘प्रायव्हसी झोन’ वापरून तो भाग झाकून टाकणे शहाणपणाचे.

चोरी किंवा मारहाणीचा प्रसंग चित्रित झाला, तर ते चित्रण व्हॉट्सॲप गटांत फिरवण्याआधी पोलिसांकडे द्यावे. मूळ चित्रण खात्यात तसेच ठेवावे आणि त्याची प्रत वेळीच उतरवून घ्यावी. विशिष्ट दिवसांनंतर अनेक कंपन्या ते आपोआप पुसून टाकतात. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. कोणाच्या खात्यातून, कोणी चित्रण काढले, हे स्पष्ट असेल तर ते देणे सुकर होते. एकच पासवर्ड सगळ्यांनी वापरलेल्या घरात नेमके तेच सांगता येत नाही.

घरात ठरवण्याच्या गोष्टी

खाते शक्यतो त्या घरात कायम राहणाऱ्या आणि फोन सराईतपणे वापरणाऱ्या व्यक्तीच्या नावाने असावे. दूरच्या मुलाने सदस्य म्हणून जोडून घेतले, तरी त्याला दार दिसतेच. काही कारणाने खाते मुलाकडे ठेवावे लागले, तर आईवडील हे यादीतील पहिले सदस्य असावेत. बहुतेक कंपन्यांच्या रचनेत जुन्या खात्यातून घंटा काढल्याशिवाय ती नव्या खात्यात नोंदवता येत नाही. मालकाचा फोन हरवला किंवा मालकच हयात राहिला नाही, तर चौकटीवरची घंटा घरच्यांच्या हाताबाहेर जाते. खात्याचा ई-मेल आणि तो परत मिळवण्याची माहिती घरातील आणखी एका विश्वासू माणसाला ठाऊक असावी.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनाही वगळू नये. बऱ्याच घंटांसोबत घरात वाजणारे वेगळे यंत्र मिळते. ते स्वयंपाकघरात किंवा आजोबांच्या खोलीत लावता येते. स्वतः स्क्रीनवर पाहायचे असेल, तर जुना अँड्रॉइड फोन किंवा टॅब वाय-फायला जोडून देवघराशेजारी ठेवला तरी चालतो. ॲपची भाषा मराठी नसली, तर कोणत्या चिन्हाने बोलायचे आणि कोणत्या चिन्हाने आवाज बंद होतो, एवढे दोनदा करून दाखवले की पुरते.

सूचना सर्वांना सारख्या हव्यात असे नाही. घरातल्यांना घंटा वाजल्याची सूचना हवी. दूरच्या मुलाने मात्र प्रत्येक हालचालीची सूचना बंद ठेवून केवळ बटण दाबल्याची किंवा रात्रीची सूचना सुरू ठेवली, तरी त्याचे काम भागते. ज्या ॲपमध्ये ध्वनिमुद्रण वेगळे बंद करता येते, तेथे दिवसा ते बंद ठेवावे. दाराशी आल्यागेल्यांना कळेल अशी एक ओळीची पाटी मराठीत आणि कानडीत लावली, तर मोलकरीण, दूधवाला, टपालवाला यांनाही अंधारात ठेवल्यासारखे होत नाही.

सौंदत्तीच्या यात्रेला किंवा आदमापूरला सारे कुटुंब निघाले, की शेजारच्या काकांना काही दिवस सदस्य करून घेणे उपयोगी पडते. गावाबाहेरच्या मुलापेक्षा ते दारापर्यंत लवकर पोहोचतील. परतल्यावर त्यांचे नाव काढताना तसे त्यांना सांगावे. भाडेकरू घर सोडून गेला, घरातले नाते तुटले, कामावरचा माणूस बदलला, फोन विकला किंवा हरवला, की त्याच दिवशी यादी तपासावी. नाव काढले तरी त्या व्यक्तीने आधी स्वतःच्या फोनमध्ये उतरवून घेतलेले चित्रण तिच्याकडेच राहते, म्हणून जोडतानाच विचार केलेला बरा.

या सगळ्याला फार वेळ लागत नाही. चतुर्थीला गावी गेलेल्या मुलाने आरती झाल्यावर आईवडिलांजवळ बसून ॲपमधील सदस्यांची यादी उघडावी आणि त्यातील एकेक नाव मोठ्याने वाचावे. ज्यांचा आता घराशी संबंध नाही ती नावे काढावीत. दाराशी जाऊन कडी उघडणाऱ्या आईचे नाव त्यात नसेल, तर आधी ते घालावे.